पडद्यामागच्या बरण्या

चिमणी बसवायला आलेल्या फिटरवर थोरलीनं पहिला संशय घेतला तो त्याच्या बोटांवरून. तो भिंतीवर सारखं टकटक करत होता, आणि टकटक करताना इकडेतिकडे बघत होता.

"भिंत पोकळ आहे का बघतोस, की घर?" तिनं विचारलं.

"स्क्रू धरेल का ते बघतोय, काकू. ही चिमणी काही हलकी नाही. ठिसूळ जागी लटकवली तर एक दिवस तुमच्या डोक्यावर येईल."

मग त्यानं खिशातून एक पिवळं यंत्र काढून भिंतीवरून फिरवलं. एका जागी ते किणकिणलं. आत वायर होती. तिथं त्यानं पेन्सिलीनं फुली मारली आणि भोकं तिथून लांब पाडली. शेगडीच्या वर टेप धरून मोजलं, पुन्हा मोजलं. चिमणी फार खाली आली तर ज्योतीनं तापेल, फार वर गेली तर धूर तिला चुकवून पसार होईल, असं तो स्वतःशीच बोलत होता. थोरली दारात उभी राहून त्याच्या प्रत्येक वाक्यात खोट शोधत होती.

थोरली म्हणजे या घराण्यातली मोठी जाऊ. आता ती सासूही झाली होती, पण 'थोरली' हे नाव तिला चिकटलं होतं ते धाकटीमुळे. धाकटी जाऊ त्याच मजल्यावर, समोरच्या बिऱ्हाडात राहायची. दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एका अरुंद बोळावर समोरासमोर उघडायच्या. एकीनं झाकण काढलं की दुसरीला वाफ दिसावी इतक्या जवळ. आणि थोरलीच्या हातचा मसाला असा, की तो पडला की मुकी भाजीसुद्धा बोलायला लागायची. त्यात काय असतं ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बिचारा विचारता विचारता गेला. धाकटी खिडकीला नाक लावून तो मसाला हुंगून हुंगून शिकायला बघते, याबद्दल थोरलीच्या मनात शंका नव्हती. मसाला भाजताना ती पुटपुटायची,

वास माझ्या मसाल्याचा, बोळातून गेला गं,
माझ्या हाताचा गुण, दुसरीनं नेला गं.

म्हणूनच सुनेनं चिमणीचं नाव काढलं तेव्हा थोरली आधी नाही म्हणाली, मग विचारात पडली, मग हो म्हणाली. चिमणीचा पाइप मागच्या रस्त्याकडे निघणार होता. वास रस्त्यावर जाईल तर जाऊ दे, रस्त्याला कुठं नाक असतं. बोळाकडची खिडकी मात्र आता कायमची लावून टाकता येणार होती.

फिटरनं पत्र्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढला, त्याच्या तोंडावर वारा उलटा आत येऊ न देणारी झडप बसवली, प्लगला अर्थिंग आहे का ते तपासलं. शेवटी चिमणी सुरू करून त्यानं वर्तमानपत्राचं पान तिच्या जाळीखाली धरलं आणि सोडलं. पान खाली पडलं नाही. चिकटून फडफडत राहिलं.

"बघा काय ओढ आहे," तो खुशीत म्हणाला. मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या फुलाफुलांच्या पडद्याकडे गेलं. "त्यामागे काय आहे?"

"कपाट," थोरली म्हणाली.

कपाट नव्हतं. पडद्यामागे गॅसचा गीझर होता, ज्याचं गरम पाणी न्हाणीघरात जायचं, आणि त्याच्या शेजारच्या फळीवर मसाल्याच्या बरण्या होत्या. तिथल्या उबेला मसाला कोरडा राहायचा, म्हणून ती जागा. आणि जागा कुणाला दिसू नये, म्हणून तो पडदा. परक्या माणसाला पडदा सारू द्यायचा म्हणजे तिजोरी दाखवण्यासारखं होतं. सून त्या वेळी खाली वायर आणायला गेली होती.

"बरं," फिटर म्हणाला. त्याला पुढचं काम होतं. "एक करा काकू. चिमणी चालू असेल तेव्हा ही खिडकी थोडी उघडी ठेवत जा. ती एवढी हवा बाहेर फेकते, तेवढी आत यायला वाट पाहिजे ना."

थोरलीचे डोळे बारीक झाले. "समोरच्या बाईनं सांगितलं का रे तुला हे?"

"कोण समोरची बाई?"

"काही नाही. जा तू."

तो गेल्यावर तिनं खिडकी लावली, आणि फटींवरून पार्सलची खाकी चिकटपट्टी अशी दाबून बसवली, की मुंगीलाही दुसरा रस्ता शोधावा लागावा. धाकटी समोरून बघत होती. थोरलीनं काचेवर हात ठेवून पट्टीचं शेवटचं टोक सावकाश, तिच्या डोळ्यांदेखत चिकटवलं.

---

डोकं दुखायला लागलं ते त्यानंतर.

सकाळी काही नसायचं. दुपारीही नाही. संध्याकाळी सून कामावरून यायची, चहा करून द्यायची, आणि थोरली तो पिऊन रात्रीच्या स्वयंपाकाला लागायची. तेवढ्यात मुलगाही यायचा आणि न्हाणीघरात शिरायचा. त्याची अंघोळ म्हणजे पाण्याची वरात. इकडे चिमणी घुमायची, तिकडे पाणी वाजायचं, आणि मधे थोरलीच्या कपाळावर कुणीतरी दोन्ही बाजूंनी अंगठे दाबून धरायचं. पाय जड व्हायचे. एकदा तर डाव हातात धरून ती भिंतीला टेकली आणि आपण काय ढवळत होतो तेच विसरली.

"आई, तुम्ही बसा. मी करते," सून म्हणाली.

वाक्य साधं होतं. पण थोरलीनं ते मनात नेऊन उजेडात धरलं, उलटं करून बघितलं. मी करते. म्हणजे काय, मी उद्यापासून करते? मी कायमचं करते?

बाहेरच्या खोलीत जाऊन पडलं की तिला तासाभरात बरं वाटायचं. तेही संशयास्पदच होतं. खरं दुखणं असं सांगितल्यासारखं येत-जात नाही.

मग एका संध्याकाळी पडल्या पडल्या तिच्या कानावर आलं. मुलगा आणि सून हळू बोलत होते.

"आईंना आता झेपत नाही," सून म्हणत होती. "काल गॅस तसाच ठेवून बाहेर आल्या. मला भीती वाटते."

"मग तिला सांगायचं कसं? स्वयंपाकघर म्हणजे तिचा जीव."

"जीव म्हणूनच."

थोरली अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिली. नवरा गेला, दात गेले, गुडघे जायच्या वाटेवर होते. उरलं होतं ते एवढंच, भिंतीपासून भिंतीपर्यंत चार पावलांचं राज्य आणि पडद्यामागच्या बरण्या. ते गेलं की ती या घरात कोण? खुर्चीतली म्हातारी. आणि हे दुखणं नेमकं चहानंतर येतं. चहा कोण करतं?

दुसऱ्या दिवशी तिनं चहा कपातच ठेवून सुनेची पाठ वळल्यावर बेसिनमध्ये ओतला. तरी डोकं दुखलं. तिला वाटलं, मग पाण्यात असेल. तिसऱ्या दिवशी पाणीही स्वतःच्या हातानं भरलं. तरी दुखलं. संशय मात्र कमी झाला नाही. फक्त आपण सुनेला समजतो त्याहून ती हुशार आहे, एवढं तिला पटलं.

आणि मग बरणी.

मसाला काढायला तिनं पडदा सारला, झाकण उघडलं, आणि तिचा हात थांबला. मसाल्याच्या गुठळ्या झाल्या होत्या. झाकणाच्या आतून दव धरलं होतं. इतकी वर्षं त्या फळीवर बरणी ठेवली, कधी दमट झाली नव्हती. कुणीतरी ओला चमचा घातला होता. कुणीतरी चोरून, घाईनं, चमचा न पुसता मसाला काढत होतं.

"तू माझ्या बरणीला हात लावलास?" तिनं सुनेला विचारलं.

"कुठल्या बरणीला?"

"म्हणजे तुला माहीत नाही."

"आई, त्या पडद्याला हात लावला तर तुम्ही माझा हात ठेवाल का जागेवर?" सून हसून म्हणाली. पण थोरली हसली नाही, तेव्हा तिचंही हसू उतरलं. "नाही हो. खरंच नाही."

त्याच संध्याकाळी भाजी परतताना थोरलीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, पडदा हलला. खिडकी बंद. दार बंद. पंखा नाही. तरी फुलाफुलांचा पडदा मंद फुगला, जणू मागे कुणी श्वास रोखून उभं होतं आणि आता हळूच सोडत होतं. तिनं झटकन पडदा ओढला. मागे गीझर, आत निळी-पिवळी ज्योत, शेजारी बरण्या. माणूस नाही. तिचं डोकं गरगरलं आणि ती बाहेर जाऊन पडली. आता तिला आपल्या डोळ्यांचाही भरवसा वाटेना.

---

शेवटी तिनं सापळा लावला.

"आज तूच कर बाई," ती सुनेला म्हणाली. "मला उठवत नाही."

सुनेनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला. तो हात गार होता आणि त्याला साबणाचा वास येत होता. थोरली त्या हाताखाली निपचित पडून राहिली, आणि सून आत गेल्याबरोबर उठून स्वयंपाकघराच्या दारालगतच्या खुर्चीवर जाऊन बसली. दार लोटलेलं होतं. स्वयंपाक करताना दार लावायचं, हा तिचाच नियम. वास घरातही हिंडता कामा नये. आता सून एकटी आत होती, पडदा आत होता, बरण्या आत होत्या. पडद्याच्या कड्या वाजल्या, की दार उघडायचं आणि रंगेहाथ धरायचं.

मुलगा न्हाणीघरात गेला. आज त्यानं अंघोळीबरोबर कपडेही भिजवले होते. पाणी थांबायचं नाव घेत नव्हतं. चिमणी मोठ्या आवाजात घुमत होती. थोरलीनं कान दाराशी नेला.

आतून आवाज येत होते, आणि ते सगळे तिला ओळखू येत होते. चिरताना सुरी पाटावर. तेलात मोहरीची उडी. डावाची कडेवर टकटक. पोरीचा हात मोकळा आहे, तिच्या मनात येऊन गेलं, आणि असं मनात आल्याचाही तिला राग आला.

मग डाव थांबला.

थोरली सावरून बसली. आता. आता ती पडद्याकडे वळली असणार. पण कड्या वाजल्या नाहीत. चिमणी घुमत होती, पाणी वाजत होतं, आणि त्या दोन आवाजांच्या मधे जिथं माणसाचा आवाज असायला हवा होता तिथं काहीच नव्हतं. फारच सावधपणे चाललंय म्हणायचं.

तिनं दाराची कडी धरून ओढली. दार आलं नाही.

बाहेर उघडणारं साधं दार, बोटानं ओढलं तरी यायचं. आज ते आतून कुणी धरून ठेवल्यासारखं घट्ट होतं.

"दार सोड," थोरली दबक्या आवाजात म्हणाली. "मला ठाऊक आहे तू काय करतेस. सोड म्हणते ना."

तिनं पाय भिंतीला लावला आणि सगळा राग हातांत घेऊन ओढलं. दार एक मोठा उसासा टाकून उघडलं, आणि बाहेरची हवा तिला ढकलून आत घुसली.

दार कुणी धरलं नव्हतं. सून ओट्याखाली जमिनीवर बसली होती, डोकं कपाटाला टेकलेलं, डाव मांडीत. डोळे अर्धे उघडे होते, पण ते कुठंच बघत नव्हते. कढईतली भाजी करपत होती. आणि कोपऱ्यात, खिडकी बंद असूनही, पडदा शिडासारखा फुगून आत वळला होता.

थोरलीनं शेगडी बंद केली. का कुणास ठाऊक, सुनेकडे वाकण्याआधी तिचा हात पडद्यामागे गेला. गीझरच्या वरून जो पाइप भिंतीतून बाहेर जात होता, ज्यातून जळका वाफारा बाहेर जायचा, तिथून ऊन, दमट श्वास उलटा तिच्या तोंडावर आला. बरणीच्या झाकणावरचं दव. पडदा. दार. वर्तमानपत्राचं पान कसं चिकटलं होतं, ते तिला आठवलं. बाहेर फेकते तेवढी आत यायला वाट पाहिजे. वाट तिनंच बुजवली होती, आणि चिमणीनं दुसरी वाट काढली होती.

"पाणी बंद कर," ती न्हाणीघराकडे बघून मुलाला ओरडली. "नळ बंद कर आधी."

सुनेच्या काखेत हात घालून तिनं तिला ओढायला सुरुवात केली. गुडघ्यांनी तक्रार केली. ती ऐकायला वेळ नव्हता. पॅसेज, बाहेरची खोली, मुख्य दार. जिन्यावरच्या मोकळ्या हवेत सुनेचं डोकं मांडीवर घेऊन ती खाली बसली. समोरचं दार उघडून धाकटी बाहेर आली.

"काय झालं गं? भाजी करपल्याचा वास आला, पण तेवढ्यानं…" तिनं सुनेचा चेहरा पाहिला आणि तशीच मागे वळली. आत गेली, फोन लावला, पाणी आणलं. मुलगा ओल्या केसांनी धावत आला. सुनेनं एक दीर्घ श्वास घेतला, मग खोकली, मग थोरलीच्या मांडीवर उलटी केली. थोरलीला आयुष्यात कुठल्याच गोष्टीनं एवढं बरं वाटलं नव्हतं.

"दुसरा कसला वास नव्हता," धाकटी पुन्हा म्हणाली. "असता तर मला कळला असता."

"तुला कळला असता, हे मला माहीत आहे," थोरली म्हणाली.

---

दवाखान्यात सुनेच्या नाकावर मास्क लावून ठेवला होता. डॉक्टरीणबाईंनी त्या वायूचं नाव सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड, आणि सांगितलं की त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला वाटतं डोकं दुखतंय, झोप येतेय. थोरलीचंही रक्त तपासलं. तिच्यातही तो थोडा निघाला.

थोरली खाटेशेजारी बसून विचार करत राहिली. जन्मभर तिनं वासांवर पहारा दिला होता. कोणता बाहेर जातो, कुणाच्या नाकात शिरतो. आणि ज्याला वासच नाही तो रोज संध्याकाळी घरात येऊन बसत होता, तिच्याच हातानं बंद केलेल्या खिडकीआड.

फिटर परत आला तेव्हा सून घरी आली होती, उशीला टेकून बसली होती. त्यानं पडदा सारला आणि कपाळावर हात मारला.

"हे कपाट आहे?"

थोरली फळीवरच्या बरण्या एकेक करून उतरवायला लागली.

"मी सारून बघायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "गीझर दिसला असता तर मी चिमणी सुरूच केली नसती. हा इथून काढून मागच्या गॅलरीत, उघड्यावर नेऊ. तोवर गरम पाणी शेगडीवर." मग त्याची नजर खिडकीकडे गेली. "आणि ही पट्टी कुणी मारली?"

"मी," बाहेरच्या खोलीतून सून म्हणाली. "थंडी यायची म्हणून."

थोरलीनं वळून तिच्याकडे पाहिलं. हिला पट्टीचं माहीत आहे. हिला सगळं माहीत आहे. मग ही खोटं का बोलते? यात हिचा काय फायदा? तिनं बराच वेळ शोधलं, आणि फायदा काही सापडेना.

"खोटं बोलते ती," थोरली फिटरला म्हणाली. "मी मारली. कपाटही मीच सांगितलं." आणि कुणी काही म्हणायच्या आत सुरी घेऊन खिडकीशी गेली. पट्टी इतकी इमानानं चिकटवलेली होती, की तिची तिलाच निघेना. नखांत खाकी तुकडे अडकले. शेवटी खिडकी करकरत उघडली.

संध्याकाळी मुलानं विषय काढला. "आई, आता स्वयंपाकाचं बघायला…"

"आईंनी दार ओढलं म्हणून मी इथं बसलेय," सून म्हणाली. "त्यांचं स्वयंपाकघर त्यांच्याकडेच राहू दे. डोकं त्यांचं नाही, गीझरचं फिरलं होतं."

विषय तिथंच संपला. थोरली मात्र बरण्या मांडीवर घेऊन बसली होती. पडदा गेला, फळी गेली, ठेवायच्या कुठं?

"माझ्या कपाटात ठेवा," सून म्हणाली. "किल्ली तुम्हीच ठेवा."

"आणि दुसरी किल्ली?"

"कुठली दुसरी?"

"कुलपाला दोन असतात."

सून उठली, ड्रॉवरमधून दुसरी किल्ली काढून आणली आणि थोरलीला करून दिलेल्या चहाच्या बशीत, कपाशेजारी ठेवली. थोरलीनं दोन्ही किल्ल्या कनवटीला लावल्या. चहाकडे बघितलं. मग कप उचलून तो सगळा प्यायली, शेवटच्या घोटापर्यंत.

गीझर गॅलरीत गेल्यावर, पहिल्याच मोकळ्या दिवशी तिनं मसाला भाजायला घेतला. चिमणी घुमत होती. खिडकी उघडी होती, आणि तिच्यातून वारा आत येऊन मानेवरचे केस हलवत होता. तिनं दोनदा कडीला हात लावला आणि दोनदा काढून घेतला. येऊ दे वारा. जायचा तो वास जाऊ दे.

"थोरले," समोरून धाकटीचा आवाज आला, "उतरव गं आता. जास्त होतंय."

थोरलीनं कढईत पाहिलं. खरंच कडेला रंग चढायला लागला होता. एवढ्यात उतरवलं नसतं तर कडवटपणा आला असता. तिनं घाईनं कढई खाली घेतली, हात पुसला, आणि खिडकीकडे बघून मान हलवली. धाकटीनंही हलवली.

मग थोरली कढईसमोर उभी राहिली, आणि तिचे डोळे हळूहळू बारीक झाले. हा मसाला नेमका किती भाजायचा, हे धाकटीला कसं कळलं?